रबर कोरेच होते

नातेपुते
१२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय गौसचाचा,

सलाम.

इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून नवल वाटेल. आधी फोन केला होता. हुसेनबी चाचींनी उचलला. तुम्हांला आता फोनवरचं काही कळत नाही, कानातलं मशीन शिट्टी मारतं, मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही बघत नाही, पण कागदावरचं वाचता असं म्हणाल्या. म्हणून कागद घेतला.

मी इथल्या हायस्कूलात गणित शिकवते. हे तिसरं वर्ष. सध्या वर्ग कमी आणि निवडणुकीची कामं जास्त. पहाटे पाच ते सात फलटण रस्त्याला सायकल चालवते, तेवढेच दोन तास माझे. सायकल तीच, तुम्ही बांधून दिलेली. अजून कुरकुर नाही.

फेब्रुवारीत एक शर्यत आहे. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी आणि परत खाली. चढ आणि उतार, दोन्हीची वेळ धरणार. माझी चाकं जुनी झालीत आणि चढाला जड जातात. पुण्यातले ओळखीचे एक डॉक्टर त्यांची कार्बनची चाकं विकायला काढताहेत. त्यांनी डिस्क ब्रेकची नवी सायकल घेतली. माझ्या सायकलला डिस्क बसत नाही, ब्रेक रिमवरच धरतो, आणि ही चाकं तशीच आहेत. माझ्या चाकांपेक्षा अर्धा किलो हलकी.

घेऊ का? आणि घेतली तर बसवून द्याल का? दुसऱ्या कुणाच्या हातात सायकल द्यायला मन घेत नाही.

फिरदोसला माझी आठवण सांगा. ईदेला मेसेज पाठवते, तिचा 'तुलाही' असा येतो. त्यापुढे बोलणं होत नाही.

तुमची,
ज्ञानदा


शुक्रवार पेठ, सोलापूर
२० नोव्हेंबर २०२४

ज्ञानदा बेटा,

दुआ. पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, मोत्यासारखं. माझं वाचायला त्रास होईल. पंधरा वर्षं यंत्रमागावर काढली त्यात कान गेले, आणि आता स्पॅनर धरून बोटं वाकडी झालीत.

तू विचारलंस म्हणून सांगतो. अ‍ॅल्युमिनियमची रिम ब्रेकनं तापते आणि ती उष्णता वाऱ्यावर सोडून देते. कार्बन सोडत नाही, धरून बसतो. त्याचे धागे लई पक्के, पण धाग्यांना चिकटवून ठेवणारा जो डिंक असतो, तो फार तापला की मऊ पडतो. आतून ट्यूबची हवा दाबत असतेच. मग कड फुगते आणि ट्यूब फुटते. सपाटीवर हे होत नाही. इथून तुळजापूरला रोज जा, काही होणार नाही. पण पसरणीसारख्या उतारावर माणूस घाबरून ब्रेक दाबूनच ठेवतो, तिथं होतं. चाक ओलं असलं तर आणखी एक. ब्रेक दाबला की आधी पाणी पुसलं जातं, धरायचं काम नंतर सुरू होतं. तेवढ्यात वळण आलेलं असतं.

आणि रबराचं. कार्बनला त्याचंच ब्रेकरबर लागतं. अ‍ॅल्युमिनियमवर घासलेलं रबर चुकूनही लावायचं नाही. त्यात धातूचे कण रुतलेले असतात, ते रिम खरवडतात, आणि साधं रबर कार्बनवर तापतंही जास्त.

वापरलेल्या चाकात तर आतला तडा डोळ्यांना दिसतच नाही.

तुझी वजनातली हौस कळते. पण मी बसवून देणार नाही. अ‍ॅल्युमिनियमची हलकी रिम मिळते, ती आण. नव्या तारा भरून, आउट म्हणजे चाकाचं डुलणं काढून, चाक बांधून देतो. थोडी जड पडेल, पडू दे.

फिरदोसला सांगितलं. बरं म्हणाली.

गौसचाचा


नातेपुते
२८ नोव्हेंबर २०२४

गौसचाचा,

निवडणूक संपली, आता सहामाहीचे राहिलेले पेपर. रात्रीची झोप पुरत नाही आणि वर्गात उभं राहून फळ्याला टेकावंसं वाटतं. त्यात तुमचं पत्र वाचून थोडी हिरमुसले, ते खरं.

तुम्ही लिहिलंत ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण हल्लीच्या रिमांना जास्त ताप सोसणारा डिंक वापरतात, ब्रेक धरतो ती कड मुद्दाम खरखरीत ठेवतात. डॉक्टरांनी त्याच चाकांवर दोन वर्षं सिंहगड उतरलाय. चाकांसोबत त्यांचे योग्य रबरही मिळताहेत. घाटात ब्रेक दाबून ठेवायचा नाही, दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, हे तुम्हीच आम्हा दोघींना शिकवलं होतं. मग भीती कशाची?

रागावणार नसाल तर एक लिहिते. फिरदोस पडली त्या दिवसाचं मनात धरून तुम्ही मला नाही म्हणताय, असं वाटलं. त्या दिवसाचा दोष चाकाचा नव्हता. कार्बन कार्बन म्हणून त्याच्यावर खापर फोडू नये.

तुम्ही बसवणार नसाल तर पुण्यातच बसवून घेईन. शनिवारी जाणार आहे.

ज्ञानदा


शुक्रवार पेठ, सोलापूर
३ डिसेंबर २०२४

ज्ञानदा बेटा,

तुझं पत्र शनिवार उलटून गेल्यावर मिळालं. चाकं घेतली असशील तर घरात ठेव. माझं हे वाचल्याशिवाय घाटात नेऊ नकोस.

दोष चाकाचा नव्हता, हे तू बरोबर लिहिलंस. तो माझा होता. हे मी हुसेनबीलाही बोललेलो नाही. कागदावर लिहायला सोपं जातं, समोर कुणी बघत नाही.

फिरदोसची चाकं मी वापरलेलीच घेतली होती. पोरीला हौस, आणि पुण्याच्या सगळ्या मुली तसल्या चाकांवर येत होत्या. मी आउट काढला, तारा ताणल्या, कार्बनचे नवे रबर बसवले. तेवढं करून दिली. कड नाण्यानं ठोकून बघायची असते. सगळीकडे एकच टणटण आवाज आला तर चाक ठीक, कुठं बद्द वाजलं तर आत काहीतरी सुटलेलं असतं. मी ठोकलं, पण माझे कान तेव्हाच गेले होते. मला सगळीकडे सारखंच ऐकू आलं. दुसऱ्या कुणाकडून ऐकवून घ्यायला पाहिजे होतं. लाज वाटली. मिस्त्री म्हणवतो आणि कान नाहीत, हे गिऱ्हाइकांना कळू द्यायचं नव्हतं.

मग ते झालं. तू टेम्पोतून सायकल आणून दिलीस. पोरगी साताऱ्याला दवाखान्यात आणि मी इथं ते चाक हातात घेऊन बसलो. पुढची रिम एका बाजूनं फुगून फाटली होती. रबर बघितले तर माझे, मी बसवलेले, जवळजवळ कोरे. म्हणजे ब्रेक फार वेळ धरलाच नव्हता. न तापताच रिम गेली. म्हणजे तडा आधीचाच, आणि तो मला ऐकू आला नाही.

तिचा डावा हात कोपरातून सरळ होत नाही. शाळेत शिकवताना फळ्यावर उजव्या हातानं लिहिते आणि पुस्तक छातीशी धरते. मी रोज बघतो. सहा वर्षांत तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून कार्बनचं चाक मी दुकानात घेत नाही. कुणी आणलं तर पुढं जा म्हणतो. तुला हे सांगायला नको होतं, पण तू ऐकत नाहीस.

गौसचाचा


नातेपुते
९ जानेवारी २०२५

गौसचाचा,

तुमच्या पत्राला महिन्याच्या वर उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहायला बसले आणि फाडलं. आज शाळेत सुट्टीचा अर्ज दिला, घरी आले आणि बसले आहे. हे पोस्टात टाकूनच उठेन.

चाचा, रिमला तडा नव्हता. तुम्हांला ऐकू आलं ते खरं होतं, सगळीकडे सारखंच वाजत होतं.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी घाटात सरावाला गेलो. बारीक पाऊस होता. तुम्ही बसवलेले नवे रबर ओल्या रिमवर किंचाळत होते आणि उशिरा धरत होते. एका वळणावर फिरदोस कठड्यापर्यंत गेली. त्यानंतर ती फार घाबरली. सकाळी म्हणाली, हे रबर नकोत, तुझे जुने आहेत ना, ते लाव, ते लगेच धरतात. माझ्या पिशवीत माझ्या सायकलचे काढून ठेवलेले होते. अ‍ॅल्युमिनियमवर दोन वर्षं घासलेले. तुम्ही आम्हांला सांगितलं होतं, चाचा. मला आठवतही होतं. मी म्हटलं, एका दिवसानं काय होतं. मीच बसवले. दोन मिनिटांचं काम.

शर्यतीच्या वेळी ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा होता. ती माझ्या पुढे शंभर फुटांवर होती. पूर्ण उतारभर ब्रेक दाबून चालली होती. मला जळका वास आला. मी ओरडले, पण वाऱ्यात तिला ऐकू गेलं नसणार. मग फटाक्यासारखा आवाज झाला.

इथपर्यंतचं कदाचित तुम्ही माफ कराल. पुढचं ऐका. तिला साताऱ्याला नेलं आणि सायकल माझ्याकडे राहिली. म्हसवडला टेम्पो चहाला थांबला तेव्हा मी मागे चढले, माझे रबर काढले आणि तुमचे परत लावले. माझे एका बाजूनं वितळून काळे झाले होते. ते मी हॉटेलमागच्या उकिरड्यात टाकले.

तुम्ही विचाराल आणि मला उत्तर द्यावं लागेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ते कोरे रबर बघून तुम्ही स्वतःला धराल हे सुचलंच नाही. सुचलं असतं तर सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही. नोव्हेंबरात तुम्हांला लिहिताना मनात सांगायचं होतं असंही म्हणणार नाही. मला चाकंच हवी होती. चाकाचा दोष नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून भीती वाटत नव्हती.

चाकं घेतलेली नाहीत. त्या शनिवारी पेपरांमुळे पुण्याला जाणं झालं नाही, मग तुमचं पत्र आलं आणि डॉक्टरांना नाही कळवलं.

ज्ञानदा


शुक्रवार पेठ, सोलापूर
१७ जानेवारी २०२५

ज्ञानदा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. आता काही लिहू नकोस. मला लिहायचं असेल तेव्हा लिहीन.

गौस


शुक्रवार पेठ, सोलापूर
८ फेब्रुवारी २०२५

ज्ञानदा,

तीन आठवडे दुकान उघडलं आणि नुसतं बसलो. पंक्चरं काढली. हुसेनबी म्हणाली, तब्येत बरी नाही का. बरी आहे म्हटलं.

मग मागच्या रविवारी फिरदोसच्या पुढ्यात तुझं पत्र ठेवलं. ती वाचत होती तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. सुरुवातीला काहीच नाही. म्हसवडचं आलं तिथं थांबली. ते परत वाचलं. मग माझ्या उजव्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "अब्बा, मला वाटलं तुम्हांला माहीत आहे."

तिचं म्हणणं असं, की सायकल तुमच्याकडे आली, तुम्ही मिस्त्री, जुने रबर बघताच तुम्हांला कळलं असणार. तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं नाही म्हणून तुम्ही रागावलात आणि राग गिळून गप्प राहिलात. म्हणून मीही गप्प राहिले. तुम्ही दुकानातून तसली चाकं परत पाठवत होता, तेव्हा दरवेळी वाटायचं, हे मला ऐकवायला चाललंय.

सहा वर्षं एका घरात, एका ताटात जेवलो. मला तिची माफी मागायची होती, तिला माझी. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही.

तिला तुझ्यावर रबर बसवल्याचा राग नाही. ते मीच मागितले होते म्हणाली. परत बदलले त्याचा आहे. त्या दिवशी तिथंच माझे अब्बा अडकले, असं म्हणाली आणि उठून आत गेली. मलाही राग आहे. तू लेकीसारखी होतीस म्हणून कमी होईल असं वाटलं होतं, उलट जास्त झाला. हे असंच लिहितो, गोड करून लिहायला माझ्याकडे ताकद नाही.

तरी शर्यत आहे म्हणून लिहितो. अ‍ॅल्युमिनियमचीच चाकं ठेव. घाट चढण्याआधी दोन्ही रबर काढून बघ, कण रुतले असतील तर सुईनं काढ. उतारावर वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात ब्रेक नको. दोन्ही ब्रेक वापर. रिम तापल्याचा वास आला तर थांब. वेळ जाऊ दे.

गौसचाचा


नातेपुते
२६ फेब्रुवारी २०२५

गौसचाचा,

तुमच्या पत्राला उत्तर द्यावं की नाही कळत नव्हतं. शेवटी तुम्ही 'चाचा' लिहिलंत, म्हणून देते आहे.

शर्यत झाली. जुन्याच चाकांवर गेले. रबर सुईनं साफ केले. चढाला पाचवी होते. वर पोचले तेव्हा खाली उतरायची हिंमत राहिली नव्हती. पहिल्या दोन वळणांवर ब्रेक फार वेळ दाबला गेला. मग तुम्ही लिहिल्याप्रमाणे उताराच्या मध्यावर बाजूला घेतली, उतरले आणि रिमला हात लावला. चटका बसला. बाटलीतलं पाणी ओतणार होते, पण ओल्यानं पुन्हा धरणार नाही म्हणून नाही ओतलं. उभी राहिले. माझ्या शेजारून एकामागून एक बायका खाली गेल्या. सात-आठ मिनिटांनी रिम गार झाली, मग निघाले.

एकोणिसावा नंबर आला. बावीसजणी होत्या. शाळेत सगळे विचारतात, काय झालं, काय झालं. उतारावर थांबले असं सांगते. त्यांना वाटतं सायकल बिघडली.

मला माफी मागायची आहे, पण ती मागितल्यानं माझं ओझं हलकं होईल आणि तुमचं तेवढंच राहील. म्हणून इथं लिहीत नाही. तुम्ही बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तरी मला समजेल.

ज्ञानदा


शुक्रवार पेठ, सोलापूर
८ एप्रिल २०२५

ज्ञानदा बेटा,

ईद झाली. रोज्यांत दुकान अर्धा दिवसच उघडत होतो, म्हणून पत्राला उशीर. ऊनही असं आहे की दुपारी पेठेत कुत्रं फिरत नाही.

तू थांबलीस ते बरं केलंस. एकोणिसाव्या नंबराचं वाईट वाटून घेऊ नको असं सांगणार नाही. वाईट वाटणारच की.

परवा करमाळ्याकडच्या केमहून एक गिऱ्हाईक आलं. अजिनाथ नाव, बँकेत आहे, पंचेचाळिशीचा. कार्बनची चाकं पिशवीत घालून आणली होती. माझ्या तोंडात नेहमीचं आलं होतं, पुढं जा. मग विचार केला, सहा वर्षांत मी अशी किती माणसं पुढं पाठवली. ती कुठंतरी जाऊन चाकं बसवून घेतच असतील. तिथं त्यांना कुणी काही सांगितलं असेल का? माझ्या पापातून सुटायला मी त्यांना न सांगता सोडून देत होतो.

त्याला बाकावर बसवलं. सुट्टी होती म्हणून फिरदोस घरात होती, तिला हाक मारली. मी नाण्यानं रिम ठोकत गेलो आणि ती कान लावून ऐकत गेली. पूर्ण चाक ठोकलं. दोन्ही चाकं. सगळीकडे सारखं वाजतंय म्हणाली. मग कड तपासली, रबर कोणते ते विचारलं. त्यानं जुनेच वापरायचे ठरवले होते. ते मी कापून टाकले, त्याच्या देखत. नवे मागवल्याशिवाय चाकं बसवणार नाही म्हटलं. कबूल झाला. तो करमाळ्याच्या सपाट रस्त्यावरच चालवणार आहे, पण एखाद दिवशी घाटात जाईन म्हणतो. सगळेच म्हणतात.

मी त्याला ताप, ओलं, वळण, सगळं सांगत होतो. तो मान डोलवत होता, जशी तू आणि फिरदोस डोलवायचात. तेव्हा फिरदोस मध्ये बोलली. परक्या माणसापुढं ती कधी त्या दिवसाचं बोलत नाही. तिनं वाकडा हात पुढं केला आणि म्हणाली, "दादा, रबर, रिम हे अब्बा बघतील. तुम्ही एकच करा. उतारावर भीती वाटली तर खाली उतरा आणि चालत या. मला भीती वाटत होती, आणि मागून मैत्रीण येतेय म्हणून मी थांबले नाही."

त्यानं मान डोलवणं थांबवलं. मला हे माहीत नव्हतं.

तो गेल्यावर तिनं तुझं शेवटचं पत्र मागितलं. दाराशी उभी राहून वाचलं. तू सात-आठ मिनिटं उभी होतीस आणि सगळ्या पुढं गेल्या, तिथं बोट ठेवून तिनं परत वाचलं. मग घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं, मला परत दिलं नाही.

माझा राग अजून आहे. लई दमलोय, आणि दमलेल्या माणसाचा राग हळूहळूच जातो. तू ये म्हणायला मला अजून थोडा वेळ दे. पण यापुढं मला लिहू नकोस.

तिला लिही. पत्ता हाच आहे.

गौसचाचा